तेरा ते अठरा : आपल्या पोरींची गोष्ट कोण लिहिणार?

लोहाऱ्याहून आम्ही बचत गटांच्या सहयोगिनी बोलतोय. दर वेळी आपण बचतीचं, कर्जाच्या हप्त्याचं, शेळ्यांच्या विम्याचं बोलतो. आज त्यातलं काही नाही. आज कादंबरीचं बोलायचंय, आणि तीही तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या कादंबरीचं. हातातलं काम चालू ठेवा. तांदूळ निवडत ऐकलं तरी चालेल.

हा विषय निघाला एका गटाच्या बैठकीत. बचत गोळा झाली होती आणि गटाच्या सचिव ताई प्रोसिडिंगची वही लिहीत होत्या. अक्षर अगदी छापल्यासारखं. आमच्यातल्या एकीनं सहज विचारलं, "ताई, एवढी लिहायची सवय कशी काय?" ताई आधी हसल्या, मग सांगू लागल्या.

नववीत असताना त्यांनी दोनशे पानी वहीत एक कादंबरी लिहायला घेतली होती. शाळेत मिळालेली दोन-तीन पुस्तकं वाचून वाटलं, आपणही लिहावं. गोष्टीतली पोरगी माकणीच्या धरणाच्या काठाला राहायची आणि तिला एसटीची ड्रायव्हर व्हायचं होतं. चाळीस पानं झाली. त्या गोष्टीत वर्गातला एक पोरगाही होता, तिला गणित समजावून सांगणारा. एक दिवस वही भावाच्या हाती लागली. त्यानं तेवढंच पान वाचलं. घरात गोंधळ झाला, वही चुलीत गेली. दहावीची परीक्षा कशीबशी दिली आणि निकाल लागायच्या आधी डोक्यावर अक्षता पडल्या.

"मार बसला त्याचं काही न्हाई," ताई म्हणाल्या. "पर ती पोरगी ड्रायव्हर झाली का न्हाई, ते मलाच कळलं न्हाई."

त्या दिवशी बैठक लवकर संपली नाही. प्रत्येकीला त्या वयातलं काहीतरी आठवत होतं. आणि तेव्हाच आमच्या ध्यानात आलं, की आपल्याकडं पोरगी एक तर लेकरू असते, नाहीतर सून असते. मधलं वय आपण तिला देतच नाही. फ्रॉक सुटला की साडी. त्यामुळं त्या वयाच्या गोष्टीही आपल्याकडं नसतात. लेकराला चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगतो, सुनेला घरसंसाराचं चार शब्द सांगतो. चौदा वर्षांच्या पोरीला सांगायला आपल्याजवळ काय असतं? "नीट बस", "हळू बोल", "वेळेवर घरी ये". एवढंच.

मधल्या वयाची कादंबरी म्हणजे काय

मराठीत या पुस्तकांना किशोर कादंबरी किंवा कुमार कादंबरी म्हणतात. ती लेकरांच्या गोष्टीसारखी नसते. तिच्यात राक्षस मेला की सगळं गोड झालं, असं होत नाही. आणि मोठ्यांच्या कादंबरीसारखी ती संसार, भाऊबंदकी, इस्टेट यांतही अडकत नाही. तिच्यातला मुलगा किंवा मुलगी त्याच वयाची असते. गोष्ट त्यांच्याच डोळ्यांनी दिसते. आणि कुठंतरी त्यांना आयुष्यातला पहिला निर्णय स्वतःचा स्वतः घ्यावा लागतो. निर्णय लहानसा का असेना, तो त्यांचा असतो. शेवटी सगळे प्रश्न सुटतातच असं नाही, पण पुढं चालायचं बळ मिळतं.

अमेरिकेत या वयाच्या पुस्तकांना वेगळा मान मिळाला त्यात एका शाळकरी पोरीचा मोठा वाटा आहे. सुझन हिंटन तिचं नाव. आपल्या वयाच्या मुलांचं खरं जगणं पुस्तकात कुठं सापडत नाही म्हणून तिनं पंधराव्या वर्षी स्वतःच कादंबरी लिहायला घेतली. १९६७ साली 'द आउटसायडर्स' छापून आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. प्रकाशकानं पुस्तकावर तिचं नाव 'एस. ई. हिंटन' असं आद्याक्षरांनी छापलं. मुलांच्या टोळ्यांची गोष्ट पोरीनं लिहिली हे कळलं तर कुणी वाचणार नाही, अशी धास्ती होती. म्हणजे बघा, नाव झाकायची पाळी फक्त आपल्याच बायांवर येत नाही.

आम्हाला आवडलेली पुस्तकं

त्या बैठकीनंतर आम्ही ठरवलं, की आधी वाचू. आमच्यातल्या काही जणींनी बी.ए. केलं, पण अभ्यासाची पुस्तकं सोडली तर फार वाचन नव्हतं. वाचनालयातून एकेक पुस्तक आणलं. बैठकीत बचत झाल्यावर पंधरा मिनिटं एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. त्यातली काही तुम्हाला सांगतो.

पहिलं अर्थात 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि तेही अवघ्या काही दिवसांत. पुस्तक १९३५ साली आलं. लहानपणी आपण ते आईचं पुस्तक म्हणून ऐकलं. आता वाचताना दिसतं, की ते वाढत्या वयाच्या पोराचं पुस्तक आहे. पोहायला घाबरणारा, चूक करणारा, लाजणारा पोरगा त्यात आहे. आमच्यातली एक आजी ऐकता ऐकता म्हणाली, "आई कळायला पोरगं आधी कळावं लागतंय."

दुसरा 'फास्टर फेणे'. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. अंगानं किडकिडीत, पण सायकलवर वाऱ्यासारखा. चोर, गुप्तहेर, संकटं यांतून डोक्यानं वाट काढतो आणि मधेच 'ट्टॉक' असा आवाज काढतो. गटातल्या बायांची पोरं हे ऐकायला दारात गोळा व्हायची. पोरी मात्र विचारायच्या, "मावशी, ह्येच्यात पोरगी कवा सायकल चालवणार?"

तिसरी आनंद यादवांची 'झोंबी'. १९८७ साली आली आणि पुढं तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कागलकडच्या एका गरीब घरातल्या पोराची ही गोष्ट, लेखकाच्या स्वतःच्या आयुष्यातली. बापाला वाटतं पोरानं मळ्यात राबावं, पोराला शाळा हवी. शिकण्यासाठी बापाशी झोंबी. हे वाचताना कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. मोट, ढोरं, उपास, मार, सगळं ओळखीचं. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या नवनाथ गोरे यांची 'फेसाटी'ही याच वाटेवरची. मेंढपाळाच्या घरातल्या पोराचं शिक्षण तिच्यात आहे. २०१८ साली तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला.

चौथी मिलिंद बोकीलांची 'शाळा', २००४ सालची. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, आणि मुकुंदाला आवडणारी शिरोडकर. ही वाचताना आमच्या सचिव ताई एकदम म्हणाल्या, "ह्या पोरानं मनात ठेवलं, त्याची कादंबरी झाली. मी वहीत लिहिलं, त्याची चूल झाली." सगळ्या गप्प झाल्या. मग दुसरी म्हणाली, "आणि शिरोडकरच्या मनात काय चाललं होतं, ते तिनंच सांगायला पायजे होतं की."

प्रकाश नारायण संतांचा लंपनही आम्हाला फार जवळचा वाटला. 'वनवास' या पुस्तकापासून तो भेटतो. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडं राहणारा पोरगा. त्याचा भाग बेळगावकडचा, मराठीत कानडी मिसळलेला. आपल्या सीमेवरच्या गावांतही तसंच आहे, म्हणून कानाला ओळखीचा वाटला.

आता मोजा. श्याम, बनेश, 'झोंबी'तला पोरगा, मुकुंद, लंपन. सगळी पोरं. पोरी नाहीतच का? आहेत. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी तर एकशे तीस वर्षांपूर्वीची. तिच्यात यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडानं आपली कहाणी सांगते. बालपण, लग्न, सासर, वैधव्य. तेव्हा ती 'करमणूक' साप्ताहिकात थोडी थोडी छापून यायची. अलीकडं संगीता बर्वे यांच्या 'पियूची वही' या कादंबरीला २०२२ सालचा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यात पियू नावाची मुलगी आपली वही लिहिते. आणि आपल्या शेजारच्या उमरग्याचे बालाजी मदन इंगळे यांनी 'झिम पोरी झिम' ही कादंबरी खेड्यातल्या पोरींवरच लिहिली आहे. शोधलं तर सापडतं. पण पोरांची पुस्तकं आपोआप हाती येतात, पोरींची शोधावी लागतात.

जळालेली वही

सगळ्यात जास्त बोलणं झालं ते 'चौघीजणी'वर. लुइसा मे अल्कॉट या अमेरिकन बाईंनी १८६८ साली लिहिलेल्या कादंबरीचा हा अनुवाद, शांता शेळके यांनी केलेला. चार बहिणी, वडील लढाईवर, आई घर चालवते. त्यातली ज्यो ही दुसरी बहीण. तिला लेखिका व्हायचंय. ती चोरून लिहिते, पानं जपून ठेवते. आणि एका भांडणात धाकटी बहीण एमी रागानं ज्योची ती वही जाळून टाकते.

हे पान आलं तेव्हा वाचणारीनं मान वर करून सचिव ताईंकडं बघितलं. ताई म्हणाल्या, "वाच की पुढं. थांबलीस का?" पुढं ज्यो चिडते, रडते, बहिणीला माफ करते. पण गेलेली पानं काही परत येत नाहीत. ताईंनी एकच विचारलं, "मग लिहिलं का तिनं परत?" हो, लिहिलं. ज्यो शेवटी लेखिका होते.

आणि हे पुस्तक लिहिणाऱ्या लुइसाबाई? घर चालवायला त्यांनी शिवणकाम केलं, मुलांना शिकवलं, दुसऱ्याच्या घरात चाकरीही केली. प्रकाशकानं मुलींसाठी पुस्तक मागितलं तेव्हा त्यांना त्यात फारशी गोडी वाटली नव्हती. मग त्यांनी आपल्या घरातलंच लिहिलं, आपल्या बहिणींचं. आणि तेच पुस्तक जगभर गेलं. लांबचं काही शोधावं लागलं नाही, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडंही दाखले आहेत. फलटणच्या बेबी कांबळे किराणा दुकान चालवायच्या. दुकानात पुड्या बांधायला आलेले रद्दीचे कागद वाचायच्या, आणि गिऱ्हाईक नसताना लिहायच्या. घरच्यांपासून ते लिखाण त्यांनी वीसेक वर्षं लपवून ठेवलं. पुढं ते 'जिणं आमुचं' या नावानं पुस्तक झालं, आणि आज त्याचा इंग्रजी अनुवादही आहे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हे शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनातलं सांगणारं पुस्तक आलं, त्यावर नाव होतं विभावरी शिरूरकर. ते टोपणनाव होतं. लिहिणाऱ्या बाई पुढं मालतीबाई बेडेकर म्हणून सगळ्यांना माहीत झाल्या.

आणि लेखक म्हणजे शहरातले प्रोफेसरच, असंही नाही. २०१९ सालचा बालसाहित्य पुरस्कार 'जंगल खजिन्याचा शोध' या कादंबरीला मिळाला. तिचे लेखक सलीम मुल्ला वनखात्यात नोकरी करणारे. जंगलात जे रोज दिसलं, ते त्यांनी मुलांसाठी लिहिलं.

आपल्याजवळ काय आहे

मग आम्ही विचार केला, आपल्या पोरीच्या कादंबरीत काय येईल?

आमच्यातल्या बऱ्याच जणी १९९३ च्या भूकंपाच्या आगंमागं जन्मलेल्या. ३० सप्टेंबरची ती पहाट. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते. सास्तूरसारखी आपल्या तालुक्यातली गावं मातीत गेली. आम्ही वाढलो ते पत्र्याच्या शेडमध्ये आणि मग नव्या गावात. सरळ गल्ल्या, नंबर टाकलेली घरं, दगडा-मातीच्या वाड्याचं नावही नाही. आमच्या आया कित्येक वर्षं घराच्या आत झोपल्या नाहीत. पाऊस आला तरी अंगणात पटकूर टाकायच्या. आम्हाला कळायचं नाही, ही बाई घराला एवढी का भिते. हे चौदा वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांनी कुणी लिहिलंय का? जुन्या गावाच्या ढिगाऱ्यावर बोरं वेचायला जाणारी पोरगी, आणि तिला तिथं सापडलेलं आजीचं जातं. कादंबरीला अजून काय लागतं?

आणि आजच्या पोरी? सोयाबीन काढणीला शाळा बुडवणारी. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर लहान भावंडांना सांभाळणारी. दहावीला चांगले मार्क पडूनही कॉलेजला जायला एसटीची वेळ जुळत नाही म्हणून घरी बसलेली. मोबाईल भावाला आणि रिचार्जचा हिशोब तिला. पाहुणे येणार म्हणून शाळेतून लवकर बोलावून घेतलेली. ही पोरगी पुस्तकात दिसली तर दुसऱ्या गावातल्या पोरीला कळेल, की हे माझ्या एकटीचं नाही. आपण गट कशासाठी केला? एकटीचं दुखणं चार जणींत मांडावं म्हणूनच ना? कादंबरी तेच काम करते, फक्त ती न भेटलेल्या बाईशी बोलते.

आम्ही कसं सुरू केलं

आता कामाचं सांगतो. एका गटानं कादंबरी लिहायला घेतली आहे. झाली नाही, चालू आहे. पद्धत अशी.

एक, हिशोब. आपल्याला थेंबे थेंबे तळे माहीत आहे. गटात बारा जणी. प्रत्येकीनं आठवड्याला एक पान दिलं तर वर्षाला सहाशेच्या वर पानं होतात. काढणी, लग्नसराई, लेकरांचा ताप-खोकला धरून निम्मे आठवडे सोडून द्या. तरी तीनशे पानं. त्यातली निम्मी बाद केली तरी पुस्तक होतंय.

दोन, पोरगी ठरवली. सगळ्यांची मिळून एकच. तिचं नाव, वय, घरात कोण कोण, तिला काय हवंय, आणि आडवं कोण येतंय. एवढं ठरायला दोन बैठका गेल्या. वेळ एकाच वर्षाची धरली, एका गणपतीपासून दुसऱ्या गणपतीपर्यंत. जन्मापासून लिहायला बसलं की गोष्ट भरकटते.

तीन, ज्यांना लिहिता येत नाही त्या सांगतात, पोरी लिहून घेतात. सांगताना आजी जशी बोलते तसंच लिहायचं. "करायलाव", "जायलाव" हे आपलं बोलणं आहे, ते 'शुद्ध' करायचं नाही. 'झोंबी' तिच्या बोलीमुळंच खरी वाटते.

चार, खऱ्या माणसाचं नाव, खरं घर लिहायचं नाही. कुणाच्या घरात घडलेलं असेल तर त्या बाईला आधी विचारायचं. तिनं नको म्हटलं तर पान बाजूला. गोष्ट लिहून कुणाची अब्रू चव्हाट्यावर आणायची नाही. दोघींचं मिळून तिसरंच काहीतरी रचायचं. कादंबरीत तेवढी मोकळीक असते.

पाच, उपदेश टाळायचा. हे सगळ्यात अवघड गेलं, कारण आम्हा सहयोगिनींना प्रत्येक पानाच्या शेवटी 'म्हणून मुलींना शिकवा' लिहायची सवय! पोरींनी तेवढ्या ओळी खोडून टाकल्या. त्यांचं बरोबर होतं. पोरगी बसमागं पळताना दिसली की वाचणाऱ्याला कळतं, शिकायचंय तिला.

वाचायला पुस्तकं नाहीत असं म्हणू नका. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, आणि त्याचे जुने अंक मोबाईलवर फुकट वाचता येतात. गावातल्या शाळेच्या गुरुजींना, बाईंना विचारा. शाळेच्या कपाटात कितीतरी पुस्तकं कुलूपबंद असतात.

पुढं काय झालं?

शेवटी सचिव ताईंचं सांगतो. त्यांची मुलगी यंदा नववीत आहे. दिवाळीत तिला बघायला पाहुणे येणार अशी कुणकुण लागली. गटातल्या चार जणी घरी गेल्या. मुलीचं वय अठरा व्हायच्या आत लग्न करणं गुन्हा आहे, हे सांगितलं. लेकरांच्या मदतीचा १०९८ हा फोन नंबरही सांगितला. पण खरं बोलणं केलं ते ताईंनी. पहिल्यांदाच नवऱ्यापुढं त्या जळालेल्या वहीचं बोलल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी ते कधी काढलं नव्हतं. नवरा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "यंदा न्हाई." एवढंच म्हणालाय. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी. आम्हीही पुढच्या वर्षी परत जाऊ.

मागच्या बैठकीत ताईंच्या पानाची पाळी होती. धरणाच्या काठची ती पोरगी त्यांनी पुन्हा लिहायला घेतली आहे. पान त्यांच्या मुलीनं वाचून दाखवलं. पोरगी रस्त्याकडंला उभी आहे, लाल गाडी वळणावरून येतेय, आणि तिचं लक्ष प्रवाशांकडं नाही, स्टेअरिंग धरलेल्या हातांकडं आहे. पान तिथंच संपलं. मुलीनं वही खाली ठेवली आणि आईला विचारलं, "मग पुढं काय झालं गं?"

ताई म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी सांगते."

ती वही आता गटाच्या लोखंडी पेटीत असते, पासबुकाच्या आणि प्रोसिडिंगच्या वहीच्या शेजारी. पेटीला कुलूप आहे. किल्ली बायांकडं आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या गटातही अशी एखादी वही जळालेली असेल, किंवा लिहायचीच राहिली असेल. येत्या बैठकीत बचत झाली की पंधरा मिनिटं काढा. एकमेकींना एवढंच विचारा, "तू चौदा वर्षांची होतीस तेव्हा तुला काय व्हायचं होतं?" जी बोलेल तिचं बोलणं कुणीतरी लिहून घ्या. ते तुमचं पहिलं पान.